पहिली फेरी लेकीची

"माझी रोपं म्हणजे काय वाळू आहे, कुठंही ओतायला?"

शेजारची रोपवाली टेम्पोवाल्याच्या अंगावर धावून गेली, तेव्हा आमच्या घरात अजून चूलही पेटली नव्हती. मी तशीच केस बांधत कुंपणाशी आले. भांडण कुणाचंही असो, सुरुवात चुकवू नये, नाहीतर पुढचं काही समजत नाही.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी टोमॅटोची रोपं भरून हा टेम्पोवाला घाटाखालच्या बाजाराला निघाला आणि वाटेत चहाला थांबला. चहाचं जेवण झालं, जेवणाची झोप झाली आणि रोपं तेवढा वेळ उन्हात उभी राहिली. घेणाऱ्यानं माना टाकलेल्या रोपांचे ट्रे जसेच्या तसे परत पाठवले.

"झाकायची होती ताडपत्रीनं," टेम्पोवाला म्हणाला.

"ताडपत्रीत उकडून काढायची होती काय? जिवंत रोपं आहेत ती, बटाटे नव्हेत!"

"एवढं आहे तर स्वतःची गाडी घ्या की."

"घेते! आणि तुझ्याच दारावरून हॉर्न वाजवत नेते!"

रोपवाली असंच बोलते. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता बाई रान विकून लेकीकडं जाऊन राहील. हिनं त्याच रानाच्या तुकड्यावर जाळी उभारली, माती चाळली, शेणखत कुजवलं आणि रोपं विकायला सुरुवात केली. आता तिच्या हातची मिरची-वांगी लावायची तर आधी सांगून ठेवावं लागतं. नखांतली माती कधी निघत नाही आणि जिभेवरचा तिखटपणाही. गाडी चालवायला ती आमच्या ट्रॅक्टरवर शिकली. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर आमच्या कुंपणात घातला आणि वर, कुंपण मध्येच कुठं बांधलंत म्हणून आम्हालाच झापलं.

तर ती गाडी घेणार ही बातमी तिच्या जावयापर्यंत गेली. जाणारच. जावई शहरात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. त्याच्या तोंडी एकच शब्द, चकाचक. गाडी चकाचक, व्यवहार चकाचक, सासुरवाडीचं पाणीसुद्धा चकाचक. म्हणून आख्ख्या गावात त्याचं नावच चकाचक पडलंय. हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

रोपवालीनं त्यालाच चांगली गाडी बघायला सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात एक पांढरी पिकअप धूळ उडवत दारात आली. ऊन चढलं होतं, वारा असा सुटला होता की जाळीचे खांब करकरत होते. पुढच्या सीटवरून रोपवालीची लेक तान्हीला कडेवर घेऊन उतरली, चकाचक काळा चष्मा कपाळावर चढवत उतरला.

"मामी, बघा! तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली. दुसऱ्याला दाखवलीसुद्धा नाही." तो सासूला मामी म्हणतो.

"घाटानं आलात?" रोपवालीनं विचारलं.

"नाही, कालव्याच्या रस्त्यानं."

"एवढा वळसा?"

"हवा चांगली असते तिकडं," चकाचक म्हणाला. त्या दिवशी वाऱ्यानं डोळे उघडता येत नव्हते.

मी भांडी तशीच टाकून कुंपण ओलांडलं. आमचे हेही मागोमाग आले. गाडी बघायला कुणाला बोलावणं लागत नाही.

रोपवालीनं गाडीला एक फेरी घातली. डावीकडच्या दारापाशी थांबली. दार उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. ते काही नीट बसेना. शेवटी तिनं कमरेनं धक्का दिला तेव्हा बसलं. डावी बाजू उजवीपेक्षा जास्तच पांढरी होती आणि काचेभोवतीच्या काळ्या रबरालाही पांढरा रंग लागलेला होता. रंगवणाऱ्याला घाई झाली असावी. मग ती आत वाकली आणि मीटर बघितला.

"फारच कमी चाललीय."

"म्हणून तर म्हणतो, चकाचक! एका मास्तरांची गाडी आहे. शाळा ते घर, घर ते शाळा. सुट्टीच्या दिवशी बाहेरसुद्धा काढायचे नाहीत."

"मास्तरांना पिकअप कशाला लागायची?" मी विचारलं. "पोरं भरून न्यायचे?"

"काकू, तुम्ही पण ना," म्हणत तो हसला. कुणीच हसलं नाही म्हणून त्यानं हसू आवरलं.

"ब्रेकच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालंय," आमचे हे म्हणाले. "मास्तर ब्रेकवर उभे राहूनच शिकवायचे वाटतं."

"अहो काका, जुन्या गाडीत एवढं तेवढं चालायचंच."

"मीटर म्हणतोय नवी आहे, तुम्ही म्हणता जुनी आहे. आधी दोघं मिळून ठरवा."

चकाचकचा चेहरा उतरला. पण त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या बायकोचा उतरला. "आई, किती बघशील?" ती ताडकन बोलली. "परक्याची आहे का गाडी? घरचा माणूस घेऊन आलाय. तो तुला फसवील होय?"

रोपवाली पाण्याच्या हौदाशी गेली आणि उगाचच हात धुवायला लागली. मी तिच्यामागं गेले.

"अक्का, ही कुठंतरी उलटलेली आहे. आणि मीटर मागं फिरवलाय."

"मला काय डोळे नाहीत?" ती दात-ओठ खात पुटपुटली. "नको म्हणाले, तर उद्यापासून हा हिला उठता-बसता ऐकवील, तुझ्या आईनं चारचौघांत मला चोर ठरवलं म्हणून. जावयाच्या मालाला खोट काढणं म्हणजे लेकीच्या ताटात खडे टाकणं. आणि हो म्हणाले, तर भरल्या गाडीनिशी मी घाटात जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"मग काय करणार?"

"मी कशाला करू? त्यालाच बोलायला लावते."

ती पदराला हात पुसत परत आली तेव्हा चेहऱ्यावर असं गोड हसू होतं की मला भीतीच वाटली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, गोड हसली की समजावं, कुणाचं तरी काही खरं नाही.

"जावईबापू, गाडी पसंत आहे."

चकाचकनं चष्मा कपाळावरून काढून खिशात ठेवला. "मग काय, शब्द म्हणजे शब्द! तुम्ही किल्ली घ्या, आम्ही दुपारच्या बसनं निघतो."

"बसनं कशाला? नवी गाडी दारात आल्यावर पहिली फेरी लेकीची. तुम्ही हिला आणि तान्हीला घेऊन ह्याच गाडीनं घरी जा. घाटानं जा, लवकर पोचाल. सावकाश दोन-चार दिवसांनी आणून द्या. माझी काही घाई नाही."

"नको हो मामी, कशाला? गाडी तुमची आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगते."

"डिझेल बेताचंच आहे."

"आमच्याकडं कॅन भरून आहे," आमचे हे म्हणाले आणि आणायला निघालेसुद्धा.

"घाटात गर्दी असते ह्या वेळी."

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, बसनं घाटानं आलो तर रस्ता मोकळा होता," मी म्हटलं.

"तान्हीला गाडी लागते."

"येताना लागली नाही ती?" रोपवालीनं विचारलं. आवाज अजूनही गोड होता.

चकाचकला घाम फुटला. वारा एवढा वाहत होता, तरी ह्याच्या शर्टाची पाठ भिजली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर भर दुपार होती. तो एकदा गाडीकडं बघायचा, एकदा बायकोकडं.

आणि त्याच्या बायकोला वाटलं, हे सगळे मिळून आपल्या नवऱ्याची टिंगल करतायत. खरंच करत होतो, पण कशासाठी ते तिला कळलं नव्हतं. ती आईवर उसळली.

"मी लहान नाही, आई. मला कळतं तू काय चालवलंयस ते! तुला म्हणायचंय ना, गाडी खराब आहे? स्पष्ट म्हण की! इथं चार माणसं गोळा करून त्यांचा पाणउतारा कशाला करतेस? आमचं काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही."

"मी कुठं काय म्हणाले? मी तर तुला गाडीत बस म्हणाले."

"बसते! बसतेच आता!"

ती तरातरा गेली, दार उघडलं, तान्हीला मांडीवर घेतलं आणि दार आपटलं. ते बसलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा बसलं.

"चला हो," ती नवऱ्याला म्हणाली. "घाटानंच चला. एकदा दाखवून द्या ह्या सगळ्यांना."

चकाचक जागेवरच उभा राहिला.

"अहो, चला ना."

"उतर," तो म्हणाला.

"का?"

"उतर म्हणतो ना. बसनं जाऊ."

"का पण? येताना तर बसून आले की ह्याच्यातनं."

"येताना उतार नव्हता!"

हे तोंडातून निसटलं आणि त्याचं त्यालाच कळलं. आमचे हे डिझेलचा कॅन हातात घेऊन तिथंच थांबले. लेक गाडीतून नवऱ्याकडं बघत राहिली. तिचा राग कुठंतरी गेला आणि तोंडावर दुसरंच काही आलं. मला ते बघवेना. माझ्या तोंडावर मघापासून हसू होतं, त्याची मला लाज वाटली.

"उतार असला तर काय होतं?" तिनं हळू विचारलं.

"काही होत नाही."

"मग चला."

"अगं, पुढचा सांगाडा जोडलेला आहे तिचा! जोरात ब्रेक मारला की डावीकडं ओढते. दरीत गेली होती ती एकदा. आता कळलं? झालं समाधान? उतर खाली पोरीला घेऊन!"

ती उतरली. दार उघडंच राहिलं, वाऱ्यानं ते हलत होतं.

"आणि आई ह्याच घाटानं रोपं नेणार होती," ती म्हणाली.

चकाचक गप्प राहिला असता तर काही तरी शिल्लक राहिलं असतं. पण असल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

"मामी सावकाश चालवतात," तो म्हणाला.

रोपवालीनं हौदाजवळचं फावडं उचललं. तिनं ते मारलं नसतं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण त्या क्षणी मला तशी खात्री नव्हती. आमच्या ह्यांनी कॅन खाली ठेवला आणि मध्ये जाऊन उभे राहिले.

"नीघ," रोपवाली म्हणाली. जावईबापू गेले, तुम्ही-आम्ही गेलं. "ती मढं वाहायची गाडी घे आणि नीघ माझ्या दारातनं. आणि कालव्याच्या रस्त्यानंच जा. मरायचं तर दुसऱ्याच्या हद्दीत मर."

"मामी, तोंड सांभाळून बोला. धंदा आहे हा. सगळेच करतात."

"सगळे सासूला विकतात?"

"तुम्हाला स्वस्तातली पाहिजे होती!"

"मी चांगली मागितली होती रे. स्वस्तातली तू ठरवलीस."

तो गाडीत चढला, किल्ली फिरवली. "चल गं," बायकोला म्हणाला. ती हलली नाही. म्हणजे त्यालाही कळलं की ह्या गाडीत तिला बसवता येत नाही आणि गाडी तर दारातनं हलवायचीच आहे, म्हणून तिच्याबरोबर बसनंही जाता येत नाही. आपल्याच हातानं खणलेल्या खड्ड्यात तो पुरता उभा होता. "ये मग बसनं मागून," असं काहीतरी पुटपुटला, पण आवाजात जोर नव्हता. गाडी वळवताना आमच्या कुंपणाला घासून गेला. गाडीच्या डाव्या बाजूचा पांढरा रंग उडाला आणि आतून निळा दिसला. मास्तरांची गाडी पूर्वी निळी होती म्हणायची.

धूळ हळूहळू खाली बसली. तान्ही रडायला लागली, तिला भूक लागली होती.

रोपवालीनं फावडं टेकवलं. ती जिंकली होती, आणि ते तिला कळतही होतं. तिनं पदर खोचला आणि लेकीकडं वळून म्हणाली, "बघितलंस? आता तरी कळलं? मी म्हणून आज—"

"कळलं," लेक म्हणाली. तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गाडीचं दार तू किती वेळा उघडून लावून बघितलंस, आई. रंग बघितलास, रबर बघितलंस. घाटातनं फिरवून आणायलासुद्धा सांगितलंस. खोट निघेपर्यंत सोडलं नाहीस."

"मग? पारख करायला नको?"

"पाहिजे ना. हा मला बघायला आला, तेव्हा काय विचारलं होतंस त्याला?"

जिच्या जिभेला गावातला कुणी पुरा पडत नाही, ती बाई शब्द शोधत माझ्याकडं बघायला लागली. मी कुंपणाकडं बघितलं.

"आणखी चहा घेणार का, एवढंच विचारलंस," लेक म्हणाली. "मी दाराआड उभी होते. त्याचा चष्मा, बूट, बोलणं, सगळं तुला आवडलं होतं. माझ्या वेळी कुठं गेली होती गं ही पारख?"

जाळीखाली रोपं वाऱ्यानं एका बाजूला झुकली होती, त्यांना पाणी द्यायची वेळ कधीच होऊन गेली होती. रोपवाली ओट्यावर बसली. फावडं तिच्या हातातच होतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "काहीच विचारलं नाही गं मी."

लेकीनं तिच्याशेजारी बसून तान्हीला पदराखाली घेतलं. मी आमच्या ह्यांना कोपर मारलं, पाण्याचा पाइप उचलायला लावला, आणि आम्ही दोघांनी त्या दिवशी तिच्या रोपांना पाणी घातलं.