जयवंताचा आवाज

प्रेमानंद झोपेत हसला. कामिनीने शिलाई मशीन थांबवलं आणि वळून पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते. पहाटेपासून कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती तोलून आलेला तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि हसत होता.

तो उठल्यावर तिने विचारलं, "काय पाहून राहिले होते?"

"काही नाही वं. जयवंता होती."

शेजारीण येऊन गेल्यासारखं त्याने सांगितलं.

जयवंता त्याची पहिली बायको. चौदा वर्षांपूर्वी त्याची स्कूटर वाळूवरून घसरली. तो एका बाजूला पडला, ती ट्रकच्या बाजूला. कामिनी या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की आपला नवरा झोपेत ओरडतो. स्वप्न ठरलेलं असायचं, वाळू, चाक, ट्रक. कामिनी त्याला हलवून जागं करायची, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवत बसायची. ओरडताना तो जयवंताचा असायचा, पण जागा झाला की हात कामिनीचा धरायचा. तेवढं तिला पुरत होतं.

यंदाच्या हिवाळ्यात रामदासपेठेतल्या मानसोपचारतज्ज्ञ अरुंधती डॉक्टरांनी त्याला स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे ओळखायला शिकवलं. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून बोटं मोजायची. दुकानाची पाटी वाचायची, नजर वळवून परत वाचायची. जागेपणी अक्षरं बदलत नाहीत, स्वप्नात बदलतात. ही सवय झोपेतही शिरली, की स्वप्नात भान येतं आणि माणूस ट्रकची वाट पाहत बसत नाही.

तीन महिन्यांत प्रेमानंदचं ओरडणं थांबलं. कामिनीने आनंदाने नारळ फोडला. आणि मग हे हसणं सुरू झालं.

"रोज भेटता का तिले?"

"रोज नाही. डॉक्टरनं हप्त्यातून दोनदाच सांगतलं आहे."

"अन् भेटून करता काय?"

"गाडी थांबवतो. मंग बसतो थोडा वेळ दोघं." बावन्न वर्षांचा माणूस हे बोलताना लाजला.

ते लाजणं कामिनीच्या जिव्हारी लागलं. आपल्यासमोर तो असा कधी लाजला होता, हे ती दोन दिवस आठवत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. "तुमच्याकडं तिच्यापासून सोडवाले पाठवलं होतं त्याइले. तुम्ही तर भेटच घालून देली."

"त्यांची भीती गेली ना?"

"गेली. माह्यं कामही गेलं."

मग कामिनी म्हणाली, "मलेही शिकवा." कारण विचारलं, तेव्हा ती खोटं बोलली. "मलेही वंगाळ सपनं पडते."

"शिकवते. पण आधी पुरेशी झोप. स्वप्न लवकर पकडायला म्हणून गजर लावून झोप मोडायची नाही. जागेपणी आजूबाजूचं खोटं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी सगळं बंद करायचं आणि मला फोन करायचा. आणि खात्री करायला फक्त बोटं मोजायची. गच्चीवरून उडी मारून किंवा गॅसवर हात धरून बघायचं नाही."

कामिनी साड्यांना फॉल लावता लावता बोटं मोजू लागली. गांधीबागेतल्या ज्या दुकानातून ती साड्या आणायची, तिथल्या मालकानेही विचारलं, "काय मोजून राहिल्या, बाई?" एकदा उतावीळ होऊन तिने चार दिवस गजर लावलाच. पाचव्या दिवशी डोळ्यांवर झापड होती आणि सुई बोटातून आरपार गेली. तेव्हापासून गजर बंद.

दोन महिन्यांनी एका दुपारी ती स्वयंपाकघरात उभी होती. सवयीने हात पाहिला. सात बोटं. म्हणजे हे स्वप्न होतं, आणि ती त्यात जागी होती.

"जयवंता!" तिने हाक मारली.

जयवंता आली. कपाटातल्या फोटोतली हिरवी साडी, फोटोत दिसतो तेवढाच एक कान. अकरा वर्षांचं भांडण कामिनीच्या ओठावर होतं. "सोड त्याले. झालं ना आता. माह्या वाट्याले काय ठेवलं वं तू?"

जयवंताचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"बोल ना वं!"

पुन्हा ओठ हलले. कामिनीच्या तेव्हा लक्षात आलं. जयवंताचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तो ती आणणार कुठून?

संध्याकाळी चहा देताना तिने नवऱ्याला विचारलं, "तिचा आवाज कसा होता?"

"बारीक..." प्रेमानंद थांबला. "बारीकच असन."

"असन? सपनात बोलते ना तुमच्याशी?"

"बोलते. म्हणजे, काय म्हणते ते समजते मले." त्याने कप खाली ठेवला. "पण आवाज नाही येत, कामिनी."

कामिनीला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. मग तिने पाहिलं, तो ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होता, कुणाची तरी बोलण्याची ढब आठवत होता आणि ती त्याला सापडत नव्हती.

त्यानंतर तो दुपारचा झोपेना. कुशीवर पडून भिंत बघायचा. चौथ्या दिवशी कामिनीने नवऱ्याच्या जुन्या डायरीतून जयवंताच्या धाकट्या बहिणीचा, मिनलचा नंबर शोधला. अकरा वर्षांत तिने त्या घरी कधी फोन केला नव्हता.

"मी कामिनी. तुमच्या भाऊजींची..." पुढचा शब्द तिने गिळला. "तुमचा आवाज तुमच्या ताईसारखा आहे का?"

"फोनवर तर आमची आईही फसे," मिनल म्हणाली. "काहून वं?"

आवाज बारीक नव्हता. जरा घोगरा होता, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. कामिनीने तो नीट ऐकून घेतला. मग खोलीत जाऊन फोन नवऱ्यापुढे धरला. "घ्या. मिनल आहे. बोला तिच्याशी."

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून हाक आली आणि तो पलंगाच्या कडेला हळूच बसला.

"तू बोल," तो म्हणाला. "मी ऐकून राहिलो. तू बोल फक्त."

कामिनीने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. गॅलरीत दोरीवर कपडे होते. ती एकेक काढून हातावर घेत गेली. सगळे काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ते अजून ओलेच आहेत.