सगळीकडे एकच पासवर्ड

गावोगाव कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या जळगावच्या मोईजला सगळे हुशार म्हणायचे, तिथेच घात झाला. डेटाबेस बसवताना कॉम्प्युटर विचारतो, अ‍ॅडमिनचा पासवर्ड काय ठेवायचा? मोईज डोळे झाकून सगळीकडे एकच टाकायचा, अ‍ॅडमिन एक-दोन-तीन. गिऱ्हाइकं विसरतात आणि मला भर उन्हात गावोगाव पळवतात, असं त्याचं म्हणणं. वर तो मार्करने सीपीयूवर लिहूनही ठेवायचा. म्हणे सोय! आग लागो असल्या सोयीला.

भडगावला हितेंद्रच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याने तेच केलं. शिवाय चहा पिता पिता फुशारकी मारली, "धुळ्याच्या महिला आधारगृहातही मीच बसवलंय." हितेंद्रची बायको हेमांगी त्याचा मार खाऊन खाऊन चार महिन्यांपूर्वी घरातून पळाली होती, हे मोईजच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी दुपारी तो धुळ्याला आधारगृहाच्या ऑफिसात प्रिंटर दुरुस्त करत होता. तिथल्या प्रमुख सुनंदाबाईंनी विचारलं, "मोईजभाऊ, सकाळी हेमांगीची माहिती तुम्ही उघडली होती का?"

त्याने उघडली नव्हती. त्याने कॉम्प्युटरमधल्या नोंदी तपासल्या. अ‍ॅडमिनच्या नावाने कोणीतरी आत शिरलं होतं, आणि ते कनेक्शन भडगावच्या जिनिंगचं होतं. हेमांगीला ज्या घरात लपवलं होतं, त्याचा पत्ता त्याच पानावर होता, आणि नवऱ्याचं नाव हितेंद्र. "तिच्या नवऱ्याला पत्ता कळलाय!" मोईज ओरडला.

सुनंदाबाईंनी पोलिसांना फोन केला आणि मोईजला मागे बसवून स्कूटर काढली. देवपुरातल्या त्या घराचं दार बिजागरीसकट आडवं पडलं होतं. आत हितेंद्र हेमांगीचे केस मुठीत धरून तिचं डोकं ओट्यावर आपटत होता. दुसऱ्या हातात सळई होती. तिचा जबडा वाकडा झाला होता, फरशीवर दात पडले होते.

मोईज मध्ये पडला. सळई त्याच्या मनगटावर बसली आणि हाड काडकन मोडलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. सुनंदाबाईंनी ओट्यावरचा कुकर उचलून हितेंद्रच्या कानशिलात हाणला, तेव्हा कुठे तो कोसळला. शेजाऱ्यांनी त्याच्या छातीवर बसून त्याला धरून ठेवलं. तोंडातून रक्त गळत असतानाही तो मोईजकडे बघून हसत होता.

संध्याकाळी मोईज हात गळ्यात बांधून हेमांगीच्या खाटेशी उभा राहिला. तिला वाचवणारा म्हणून नर्सने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. त्याला स्वतःची किळस येत होती.

तारांनी बांधलेल्या जबड्यातून हेमांगी कशीबशी बोलली, "भाऊ, मना पत्ता त्याले कोनी दिन्हा?"

खोटं बोलणं सोपं होतं. सगळीकडे एकच पासवर्ड आहे, हे सुनंदाबाईंनाही अजून कळलं नव्हतं.

"मी दिला, अक्का," तो म्हणाला.

मग तिने विचारलं, "कितला पैसा लिन्हात?"

"एक पैसाही नाही, अक्का," मोईज म्हणाला. "फुकट दिला."