दूध-साखरेच्या बाईचे ओठ

"त्या तुझ्या कार्टूनमधल्या गुणी बाईला एकदा तरी भांडू दे गं," असं ताई म्हणाली होती, तेव्हा धाकटीने ते हसण्यावारी नेलं. "भांडायला दुसरी आहे की! हिला कशाला कामाला लावू?"

चित्रांना बोलतं करणं हा धाकटीचा धंदा. मोठ्यांसाठीच्या एका कार्टून मालिकेत पात्रांचे ओठ काढायचं काम तिच्याकडे होतं. त्यात शेजारी-शेजारी राहणारी दोन जोडपी. एकाचं स्टुडिओत नाव पडलं होतं विळा-भोपळा. दारं आपटायची, उशा फेकायच्या आणि भाग संपता संपता एकाच चादरीत शिरायचं. दुसरं जोडपं दूध-साखर. तिथे नवरा हळू आवाजात बोले, बायको हसे. विळा-भोपळ्यातल्या बाईसाठी धाकटीने ओठांचे ढीगभर आकार काढले होते; ओरडण्याचे, शब्द चावण्याचे, रडता रडता फिसकन हसण्याचे. दूध-साखरेतल्या बाईला तीनच. मिटलेले, हसरे आणि 'हो'चे. लेखकाने तिला दुसरं काही बोलायला दिलंच नव्हतं. प्रेक्षक मात्र याच जोडप्यावर जीव टाकत. त्या बाईला धाकटीने चेहरा दिला होता ताईचा, कौतुकाने.

घरातही तीच वाटणी. धाकटीचं आणि नवऱ्याचं बाळाच्या दुपट्यावरूनसुद्धा वाजायचं. "ताईकडून शीक जरा," आई म्हणे. "भांड्याला भांडं लागलेलं ऐकलंय कुणी तिच्याकडे?"

पण बाळ झाल्यापासून धाकटीला झोपलेल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून बघायची सवय लागली होती. फार शांत झालं की ती त्याला हलवून जागं करी. एका दुपारी व्हिडिओ कॉलवर ती सवयीने ताईचे ओठच बघत राहिली. "जेवलीस?" हसू. "येतेस का चार दिवस?" ताईची नजर पडद्याबाहेर कुठेतरी गेली, ओठ मिटले, मग, "बघू हं." "बाळाचं जावळ बघ कसं वाढलंय." पुन्हा हसू, तेच. कॉल संपल्यावर धाकटीने आपली चित्रं उघडून पाहिली. ते तीन आकार तिने मनाने काढलेच नव्हते. समोर बघून उतरवून घेतले होते.

बाळाला कडेवर घेऊन ती तडक ताईकडे गेली. दार भावोजींनी उघडलं. "ये, ये! कळवायचं तरी." घर आरशासारखं लख्ख. ताई समोर येऊन बसली, हात मांडीवर.

"किती वाळलीस गं, ताई!"

"डाएट चाललंय तिचं," भावोजी म्हणाले.

"आणि एरवी फोन का उचलत नाहीस?"

"मोबाइलने डोकं दुखतं तिचं. मीच ठेवतो माझ्याकडे."

"भावोजी, तिने तोंड तुमच्याकडे गहाण टाकलंय का?" धाकटीने थट्टेचा सूर लावला. "मी तिला विचारतेय."

भावोजी हसले. "विचार की. मी कुठे अडवलंय?"

ताईने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. असा आकार धाकटीने आजवर काढला नव्हता. बोलण्याची सुरुवात होती त्यात, अक्षर नव्हतं. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. भावोजींच्या कपाळावर एक आठी उमटली आणि ताई ताडकन उठली.

"तू नीघ आता," ती पुटपुटली. "लवकर नीघ गं, राणी. ह्यांना आवाज सोसत नाही."

त्यानंतर ताईचा फोन लागलाच नाही. "सुखाच्या संसारात बिब्बा घालू नकोस," आई म्हणाली. धाकटी पुन्हा गेली, तेव्हा भावोजींनी अर्ध्या दारातूनच मऊ आवाजात सांगितलं, "झोपलीये ती. तू आलीस की तिला त्रास होतो गं." तिसऱ्या वेळी बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. आत कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं होतं, एवढं मात्र तिला कळलं.

म्हणून ती आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते. तिच्यासाठी ते दार उघडत नाही, तुमच्यासाठी उघडेल. कोपऱ्यावरची इमारत, सगळ्यात वरचा मजला, जिथून कधी हूं की चूं ऐकू येत नाही ते घर. चुकून तुमचं पार्सल आलंय का विचारा, पाणी येतंय का विचारा, काहीही विचारा. नवरा बोलेल, गोड बोलेल. ऐकून घ्या, पण हलू नका. मागे एक बाई उभी असेल, तिला विचारा. आणि ती स्वतः बोलेपर्यंत थांबा. जाल ना?