खुरसाजवळचा बल्ब

फ्रान्सिस्का टीचरची स्मरणशक्ती वाडीत प्रसिद्ध होती, आणि त्या प्रसिद्धीला सगळ्यांत जास्त हातभार तिनेच लावला होता. वाडीत वीज आली तो दिवस तिला आठवत होता. पहिला बल्ब कुणाच्या घरात नव्हे, तर वाडीच्या तोंडाशी असलेल्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, लागला होता, आणि बायका लदीनची प्रार्थना म्हणायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिल्या होत्या. कुठल्या वादळात कुणाचा माड कुणाच्या छपरावर पडला आणि त्यावरून कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं, हेही तिला पाठ होतं. म्हणून परवाच्या वादळानंतर वीज कंपनीचा न्याय करायची वेळ आली तेव्हा वाडीने तिलाच पुढे केलं. तिने आधी नको म्हटलं, आणि आता कुणी पुन्हा आग्रह करणार नाही असं दिसताच हो म्हटलं.

वाडीची एक रीत होती. ती घालून दिली तिच्या नवऱ्याने, रोझारियोने. एका जुन्या वादळानंतर वीज परत आली ती अशी उसळून, की त्याचा नवाकोरा टीव्ही धूर सोडून कायमचा गप्प झाला. तेव्हापासून वादळ आलं की प्रत्येकाने आपला मेन स्विच पाडायचा, आणि खुरसाजवळचा बल्ब नीट लागलेला दिसल्याशिवाय वर करायचा नाही. रोझारियो देवाघरी गेला, रीत राहिली. या खेपेलाही वारा उठताच फ्रान्सिस्काने वादळ शमावं म्हणून झावळ्यांच्या रविवारची, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली झावळी चुलीत घातली, मेन पाडला, आणि छत्री सांभाळत घरोघर मेन पाडायला सांगून आली. अर्धी वाडी तिच्या हाताखाली शिकलेली. कोण नाही म्हणणार?

वादळ गेलं. खाडीपलीकडे वालावलच्या बाजूला दिवे लागले. खुरसाजवळ मात्र काळोख, आणि वाडीत रस्त्यावर दुसरा दिवा नाही. पंप बंद, म्हणून सगळे घागरी घेऊन विहिरीवर. शेजारच्या ब्रेंडाच्या फ्रीजरमधली सुंगटं, म्हणजे कोळंबी, वास मारायला लागण्याआधी तिने सगळीकडे वाटली. तिचा अंदाज थोडा चुकला, आणि वाडीला कंपनीवर रागवायला आणखी एक कारण मिळालं.

अशात वायरमन सत्यवान मोटरसायकलवरून जाता जाता सांगून गेला, "टीचर, तुमची लाईन चालू आसा."

फ्रान्सिस्काने खुरसाकडे पाहिलं. बल्ब मेलेला. हा सत्यवानही तिचाच विद्यार्थी. खोटं बोलू नये हे तिने त्याला कान धरून शिकवलं होतं. तिने कंपनीच्या कार्यालयात फोन लावला आणि शाळा तपासणीच्या वेळी काढायची ती शुद्ध मराठी काढून मागणी केली की या वायरमनची बदली करा. थेट बांद्याला.

दुसऱ्या दिवशी सत्यवानची आई यशोदा काठी टेकत आली. तिला गुडघ्यांमुळे विहिरीची चढण चढवत नव्हती, मुलाशिवाय घरात दुसरं कुणी नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माझो झील खोटा बोलाचो नाय, टीचर."

"न्याय म्हणजे न्याय, यशोदे," फ्रान्सिस्का म्हणाली. हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं.

दुपारी कंपनीच्या समीक्षा मॅडम आल्या. मागे सत्यवान मान खाली घालून. खुरसाजवळ खुर्च्या मांडल्या होत्या. फ्रान्सिस्काने गाऱ्हाणं सुरू केलं ते वीज आली त्या दिवसापासून. ती रोझारियोच्या टीव्हीपर्यंत पोचली तेव्हा मॅडमनी पाणी मागितलं. नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून कोकम सरबत आणायला ती घरात गेली.

सरबताची बाटली काढताना तिची नजर वर गेली. मेन पाडलेला होता. असायलाच हवा, तिने मनाशी म्हटलं. बल्ब कुठे लागलाय अजून?

मग तिचा हात बाटलीवरच राहिला. नाताळात येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याची रोषणाई करताना वायरिंगवाला चंदन म्हणाला होता, खांबावरून खुरसाकडे गेलेली ही वायर कुजली आहे. तेव्हा तिनेच मोठ्या मनाने तो बल्ब आपल्या मीटरवर घेतला होता. सगळ्या वाडीला तिने ते ऐकवलंही होतं. वाडीने, तिच्या बाकीच्या गोष्टींसारखंच, या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. पण तिने स्वतः?

तिने मेन वर केला. बाहेर आरडाओरडा झाला, मग टाळ्या.

ती तबक घेऊन बाहेर आली तर समोरच्या घरातला सॅविओ म्हणाला, "टीचर, तुमच्या भाषणान कंपनी घाबारली." लोक हसले. तिच्या निवृत्तीच्या समारंभातही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्या तिला गोड लागत होत्या.

मॅडम मात्र सत्यवानकडे वळल्या होत्या. "म्हणजे आतापर्यंत लाईन बंद होती? आणि तुम्ही चालू आहे म्हणून कळवलंत?"

सत्यवान बल्बकडे बघत राहिला. आपणच काही चुकलो की काय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. लोकांच्या मागे यशोदा काठी घट्ट धरून उभी होती.

फ्रान्सिस्काने तबक खुरसाच्या पायरीवर ठेवलं. "मॅडम," तिने शुद्ध मराठीत सुरुवात केली, पण पुढचं शुद्ध मराठीत बाहेर पडेना. "बल्ब माझ्या मीटरवर आसा. आणि माझो मेन पाडलेलो होतो. सत्यवान खरा बोललो."

मग एकेक जण घराकडे धावला. थोड्याच वेळात पंप गुरगुरायला लागले, कुठेतरी टीव्हीवरची मालिका मोठ्याने रडू लागली.

"टीचर, आणि माझी सुंगटां?" ब्रेंडाने विचारलं. फ्रान्सिस्काने तिला सरबत दिलं. मॅडमना तिने बदलीचं विसरून जायला सांगितलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, कधीच विसरले.

सत्यवान दुसऱ्या गावाला निघाला. यशोदा पायरीवर फ्रान्सिस्काशेजारी येऊन बसली, निवांतपणे सरबत प्यायली आणि म्हणाली, "मगे फुडल्या वादळाक पयलो मेन कोणी वर करूचो?"

"सॅविओक सांगा," फ्रान्सिस्का म्हणाली. "माका लक्षात ऱ्हवाचा नाय."