आधी आलेला आवाज

कांदिवलीच्या त्या मैदानावर ऊन सावकाश उतरत होतं. आधी पाण्याच्या टाकीच्या कडेवर, मग प्रेक्षकांच्या रिकाम्या पायऱ्यांवर, एकेक पायरी चाचपत. आणि शेवटी, परवानगी मागितल्यासारखं, धावपट्टीच्या तांबड्या रबरावर. अनिरुद्ध शर्यतीच्या व्हीलचेअरमध्ये बसून हातमोजे आवळत ते पाहत होता. त्याच्यापर्यंत ते अजून पोहोचलं नव्हतं.

"पुन्हा एकदा घेऊ या ना, अनि." गंधाली माइक धरून अंतिम रेषेपाशी उकिडवी बसली होती. दोन वर्षं त्याच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीच करत होती.

"तिसऱ्यांदा? खांदे माझे आहेत गं, भाड्याचे नाहीत."

"चाकांच्या आवाजात गडबड आहे, यार."

कार्यक्रमाचा हा शंभरावा भाग. दर आठवड्याला तो इतर खेळाडूंच्या गोष्टी सांगायचा. आज स्वतःची सांगायची होती. बारा वर्षांपूर्वी, याच पट्टीवर, निवड चाचणी. मुलाखतींतून सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती: मानखुर्दचा मिथुन मागे होता, शेवटच्या वळणावर त्याचा तोल गेला, अनिरुद्ध जिंकला. मग पदकं आली, टीव्ही आला. मोडलेला खांदा घेऊन मिथुन पुन्हा मैदानावर आला नाही. मागच्या हिवाळ्यात तो वारला.

अनिरुद्ध सुटला. शेवटच्या वळणावर ती थाप त्यालाही ऐकू आली. चाकाच्या रबरी कड्यावर तळवे आपटल्याची, पण त्याच्या हातांच्या ठेक्यात न बसणारी. पहिल्या दोन्ही वेळांसारखीच. त्याने मान खालीच ठेवली.

तो रेषेपलीकडे थांबला तेव्हा गंधालीने हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले होते. ती दंड चोळत होती.

"पुन्हा तेच. दोन खुर्च्या."

"प्रतिध्वनी असेल. भिंत आहे ना मागे."

"प्रतिध्वनी आधी येतो का रे?" तिचा आवाज खाली गेला. "कुणीतरी माझ्यासमोरून रेषा ओलांडून गेलं. मग तू आलास."

ऊन आता त्याच्या पुढच्या लहान चाकावर आलं होतं. अनिरुद्धने एक हातमोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही मांडीवर नीट जुळवून ठेवले.

"रेकॉर्डिंग चालू आहे?"

गंधालीने होकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशी मिथुन पुढे होता," तो म्हणाला. "हे चाक मी त्याच्या चाकात घातलं."