मृत्युसाहेबांच्या नावे अर्ज

मृत्यूला लेखी अर्ज करून त्याच्याकडून माणूस परत मागणारा इसम जगाच्या इतिहासात एकच होऊन गेला, आणि तो महाडचा. काळाच्या दाराशी ताठ उभं राहायला जी छाती लागते ती त्याच्याकडे होती, शब्द होते, वळणदार अक्षर होतं. फक्त त्या रविवारी सकाळी त्याच्याकडे कार्बन पेपर नव्हता, कारण तो त्याच्या बायकोने उशीच्या अभ्र्यावर मोर उमटवायला नेला होता.

श्रीपतराव एकतीस वर्षं कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आले होते. कार्बनशिवाय कागदाला पेन लावायची त्यांना सवयच नव्हती. मूळ प्रत आणि दोन नकला, तिन्हींवर शाईने वेगळी सही. घरी पत्र लिहिलं तरी तीन प्रतींत. सोनाबाईंनी अर्धा मोर उमटवून झाल्यावर दोन्ही कार्बन परत आणून दिले आणि विचारलं, एवढं कोणाचं काम आहे? श्रीपतराव म्हणाले, रामजीचं.

काम खेळातलं होतं, पण हसण्यासारखं नव्हतं.

खेळ मुरारी मास्तरांनी आणला होता. मास्तर पोलादपूरला हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांचा भाऊ मुंबईला गोदीत होता. एका परदेशी बोटीवरच्या खलाशाने जाताना त्याला एक खोका दिला, त्यात ओल लागून फुगलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. सोबत फासेही असायला हवे होते असं खोक्यावरच्या चित्रावरून कळत होतं, पण ते कुठेतरी हरवले होते. मास्तरांनी एक अख्खा पावसाळा डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पुस्तक शंभर पानी वहीत मराठीत उतरवलं. खेळायचं ते असं : प्रत्येकाने मनाने एक कल्पित माणूस व्हायचं, मास्तर वर्णन करतील त्या अरण्यांत आणि गुहांत शिरायचं, आणि जे करायला जाल ते साधलं की फसलं हे नशिबाने ठरायचं. फासे नव्हते म्हणून चहाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून एक उचलायची. गेली दोन वर्षं, म्हणजे त्र्याऐंशीपासून, दर रविवारी दुपारी श्रीपतरावांच्या पडवीत हे चाले.

श्रीपतराव खेळात जादूगार होते. नाव मात्र त्यांनी श्रीपत हेच ठेवलं होतं. खोटं नाव घेणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. दोन वर्षांत कण कण करून ते सातव्या पायरीला पोचले होते, आणि त्याचा त्यांना जो अभिमान होता तो घरादाराचाही वाटला नव्हता. रामजी त्यांचा दासगावच्या शाळेपासूनचा सोबती, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो खेळात योद्धा होता आणि नाव होतं अजिंक्य.

तीन रविवारांपूर्वी अजिंक्य मेला. गुहेत सगळे पुढे गेले असता मागे कोणी राहिलं तर नाही ना, हे मोजायला तो एकटा परत फिरला. कंडक्टरकीची एवढ्या वर्षांची सवय. तिथे नाग होता. मास्तरांनी चिठ्ठी काढली, आकडा दोन निघाला. मास्तर वर्णनात रंगलेले, ते म्हणाले, "विष पोटात उतरलं. पोटातच गाठ झाली आणि वीर कोसळला."

बोलून गेले आणि जीभ चावली. कारण रामजीच्याही पोटात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला येत्या बुधवारची तारीख दिली होती. त्याआधीची एक तारीख रामजीने चुकवली होती, आणि आता ही चुकली तर पुढची शिमग्यानंतर, आणि शिमग्यापर्यंत थांबण्यासारखं दुखणं नाही, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुंदराबाईला, बाजूला घेऊन सांगितलं होतं.

त्या रविवारपासून रामजी जायचं नाव घेईना. आज दाढ दुखते, उद्या भात झोडायचं राहिलंय, मुंबईचं पाणी बाधतं. खरं कारण तो कुणाला सांगू शकत नव्हता, कारण वाडीत भगत आणि अंगारे यांच्याविरुद्ध बोलायला लोक त्यालाच उभा करत. सुनेच्या गळ्यातला ताईत त्याने स्वतःच्या हाताने तोडला होता. तो माणूस आता कागदावरचा एक योद्धा मेला म्हणून गाडीत चढत नव्हता, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. कळत होतं म्हणून जास्तच चिडचिड करत होता.

शुक्रवारी सुंदराबाई एकटीच कोर्टात आली. दोन पक्षकारांचं होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "भावजी, मला त्यातलं कळत नाय. पण तुमचा तो कागदावरचा मानूस उठवा. हा मानूस आता दुसऱ्या कशानं हलायचा नाय."

श्रीपतरावांनी त्याच संध्याकाळी मास्तरांना गाठलं. मास्तरांच्या वहीत त्याला तोड होती. जादूगाराला मंत्रपट लिहिता येतो. मेलेला परत आणण्याचाही येतो. तो एकदाच वाचायचा, वाचला की शब्द विरून जातात. लिहिणाऱ्याची त्यात एक पायरी खर्ची पडते. आणि एवढं करून, सातव्या पायरीच्या माणसाने लिहिला असेल तर चिठ्ठी पंधरा किंवा वर यावी लागते. श्रीपतरावांनी विचारलं, नियम थोडा वाकवता नाही का येणार? मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "वाकवला तर त्याला कळेल. तो जन्मभर कंडक्टर होता, श्रीपतराव. बिनतिकिटाचा परत येणार नाही."

हे श्रीपतरावांना पटलं.

म्हणून रविवारी त्यांनी मंत्रपट लिहिला. वहीत म्हटलं होतं की कोणाला, कुठून, कोणत्या हक्काने परत मागता ते स्पष्ट लिहावं. असल्या मजकुराची श्रीपतरावांकडे एकच रीत होती. हिरवट लेजर पेपरावर त्यांनी वर डाव्या बाजूला समास सोडला आणि लिहिलं : मेहेरबान मृत्युसाहेब यांचे हुजुरास. अर्जदार श्रीपत, धंदा जादू, पायरी सातवी, सविनय अर्ज करतो ऐसाजे. मजकूर वीर अजिंक्य हा निर्व्यसनी व मनमिळाऊ असून, आपल्या सोबत्यांपैकी कोणी मागे राहू नये या एकाच कारणास्तव मौजे गुहा येथे आपल्या कबज्यात आला आहे. त्याचेवर इतर कोणताही आरोप नाही. सदर इसमाची घरी गरज आहे. सबब त्याचा कबजा अर्जदारास विनाविलंब मिळावा.

'घरी गरज आहे' या शब्दांवर पेन थांबलं होतं. अर्जात भावना घालू नयेत हा त्यांचा नियम. पण खोडलं तर तिन्ही प्रती खराब होणार होत्या. राहू दिलं.

दुपारी सगळे पडवीत बसले. रामजी भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून. सुंदराबाई उंबऱ्यात, कारण आज ती मुद्दाम आली होती. मास्तरांनी डबा मांडला. श्रीपतरावांनी उभं राहून, कोर्टात वाचतात तसा, सबंध मजकूर वाचला. कुणी हसलं नाही. रामजी खाली फरशीकडे पाहत होता. मास्तरांनी डबा हलवला, चिठ्ठी काढली आणि रिवाजाप्रमाणे उलगडून सर्वांना दाखवली. चार.

श्रीपतरावांनी मूळ प्रत फाडली. मास्तरांनी वहीत नोंद केली : पायरी सहावी.

रामजी उठायला लागला. म्हणाला, झालं तर मग, उगाच रविवार घालवलास. तेव्हा श्रीपतरावांनी खाकी पाकिटातून नकला काढल्या.

मास्तर त्या दोन कागदांकडे बघत राहिले. कार्बनने उमटलेला मंत्रपट हा मंत्रपट आहे की नाही, हा प्रश्न त्या खेळाच्या जन्मापासून कुणापुढे आला नसावा. त्यांनी वही चाळली, मग मूळ इंग्रजी पुस्तक चाळलं. पंधरा मिनिटं गेली. पुस्तक लिहिणाऱ्यांना कार्बन माहीत नव्हता, किंवा जादूगार मूळ प्रतीवर भागवतात असं त्यांना वाटलं असावं. श्रीपतरावांनी युक्तिवाद केला : हात तोच, मजकूर तोच, वेळ तीच, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक प्रतीवर सही कार्बनची नाही, अस्सल शाईची. असल्या नकलेवर दिवाणी कोर्ट जमीन इकडची तिकडे करतं, तर एक योद्धा का नाही?

मास्तरांनी अखेर निकाल दिला. नक्कल चालेल. पण प्रत्येक नकलेला पायरीही वेगळी जाईल. तयारी आहे?

श्रीपतरावांनी मान हलवली आणि पहिली नक्कल वाचायला घेतली. चिठ्ठी अकरा. पायरी पाचवी.

दुसरी नक्कल फिकी होती. शेवटच्या ओळी तर दिसतच नव्हत्या, आणि मास्तरांनी पाठ म्हणायला मनाई केली, पाहून वाचायचं. श्रीपतराव कागद घेऊन पडवीच्या टोकाला उजेडात गेले. 'सदर इसमाची' इथपर्यंत आले आणि पुढे अडले. अक्षर फिकं होतं हे खरं. पण तेवढंच नव्हतं, आणि पडवीत हे सगळ्यांना कळलं. सुंदराबाईने पदर तोंडाला लावला. श्रीपतरावांनी कागद आणखी उजेडात धरून पुढचे शब्द वाचले.

मास्तरांनी चिठ्ठी काढली. या वेळी ती रामजीने त्यांच्या हातून घेतली आणि तिकीट तपासतात तशी दोन्ही बाजूंनी पाहिली. चौदा.

एकाने हुकली. मास्तरांनी वहीत 'चौथी' लिहिलं आणि वही मिटली. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. सुंदराबाई उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला नाही.

श्रीपतराव खाली बसले. त्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला, तीन कोरे कागद काढले, मध्ये दोन कार्बन घातले, कडा जुळवल्या आणि समास सोडला.

"आता अठरा लागेल," मास्तर हळू म्हणाले. "लिहिणाऱ्याची पायरी उतरली की आकडा चढतो."

"लागू दे."

"तिन्ही फसले तर पहिल्या पायरीवर याल. दोन वर्षं, श्रीपतराव."

"मास्तर, मजकूर चुकेल. बोलू नका."

त्यांनी 'मेहेरबान' लिहिलं. 'मृत्युसाहेब' लिहिलं. रामजी ते पेन चालताना बघत होता. सातवी पायरी मिळाली त्या दिवशी या माणसाने सबंध आळीला भजी खाऊ घातली होती, आणि खेळाचं नाव सांगायची लाज वाटली म्हणून कारण नातवाचं दिलं होतं. रामजीने हात लांब करून पेन धरलं. कागदावर शाईचा मोठा डाग पडला.

"ठेव," रामजी म्हणाला. "पुरे झालं. भिकेला लागशील."

"माझ्या पायऱ्या आहेत. मी उतरेन नाहीतर काय करेन."

"आनि तो अजिंक्य उठला तरी त्याला वाचवनार कोन? पयल्या पायरीचा जादूगार? दिवा लावायला पन याची जादू पुरायची नाय, मास्तर." तो हसला, पोट धरून हसला, आणि मग हसता हसता थांबला. "मेला तो. मेला तर मेला. तो मी नाय. आल्यावर दुसरा करू."

आतून सुंदराबाई दारात आली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण 'आल्यावर' हा शब्द तिने नीट ऐकला होता. तिने विचारलं, मंगळवारी किती वाजताची गाडी? रामजीने वेळ सांगितली, आणि पोलादपूरवरून ती सदा भरूनच येते हेही सांगितलं.

मंगळवारी सकाळी श्रीपतराव डेपोत पोचले तेव्हा ती दोघं आधीच उभी होती. सुंदराबाईकडे वळकटी, रामजीकडे एक्स-रेचं मोठं पाकीट. मास्तर शाळा सोडून येऊ शकत नव्हते. श्रीपतरावांनी रात्रभर काही वाक्यं मनात जुळवली होती. मैत्री, धैर्य, पुन्हा भेट असं त्यांत बरंच होतं. बोलायला तोंड उघडलं तोच गाडी वळली, फलाटावरची गर्दी उसळली, आणि रामजीने त्यांचा दंड घट्ट पकडला. डोळे भरलेले होते. अठ्ठावीस वर्षं तो ज्या गोष्टीसाठी प्रवाशांच्या नावाने शंख करत आला होता, ती त्याने श्रीपतरावांच्या कानाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात सांगितली.

"तू उंच हायस. खिडकीतून तेवढा सीटवर रुमाल टाक."