खालच्या तुकड्यातली ओल

टेकडीच्या उताराचे दोन तुकडे पडले तेव्हा सासऱ्यांनी पहिली निवड थोरलीला दिली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वरचा तुकडा तिनं स्वतः मागून घेतला. मोकळा, रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा. धाकट्या जावेच्या वाट्याला खालचा खोलगट तुकडा आला, सगळा झुडपांनी आणि दगडांनी भरलेला. थोरलीला तेव्हा तिची कीवसुद्धा आली होती. थोडीशीच.

आता कसली कीव! दोघींनी डाळिंबं एकाच वेळी लावली, रोपं एकाच माणसाकडून आणली, विहिरीचं पाणीही सारखंच घ्यायच्या. तरी ऊन तापलं की थोरलीची झाडं माना टाकायची आणि धाकटीची मात्र जणू काही घडलंच नाही अशी हिरवीगार उभी. ते बघून थोरलीच्या पोटात दुखायचं. रोज दुखायचं, आणि रोज बघायला ती कडेला जायचीच.

त्यात एके दिवशी जेवताना सासऱ्यांनी सांगून टाकलं, की येत्या पावसाळ्यानंतर सगळा उतार एकीच्याच हाती द्यायचा. जिच्या जमिनीत ओल टिकेल तिच्या. पाऊस सरल्यावर ते येऊन मूठ बघणार होते. ही त्यांची जुनी रीत. वीतभर खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर जमिनीत जीव आहे, भुगा झाला तर नाही. थोरलीचा घास तोंडातच राहिला. म्हणजे आता घरात बसून धाकटीची डाळिंबं सोलायची की काय?

धाकटी चोरून पाणी देते, याबद्दल तिची खात्रीच होती. म्हणून धाकटी बाजारात गेल्याचं पाहून ती भर दुपारी खाली उतरली. झुडपांत पाइप शोधला, दगड उलटे केले, हात ओरबाडून घेतले. पाइप नव्हता. झाडाखाली वाळलेल्या गवताचा थर होता, तो बाजूला सारून तिनं माती उकरली. माती गार लागली. मूठ दाबली तर चांगला गोळा झाला. आणि तो गोळा लाल होता.

खालची जमीन काळी. लाल माती फक्त वर, थोरलीकडे. आणखी उकरलं तर निळ्या कपाचे तुकडे निघाले. तिच्याच कपाचे! फुटल्यावर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याबरोबर तिनंच ते आपल्या झाडांच्या बुंध्याशी टाकले होते. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तिथंच फतकल मारून बसली आणि धाकटी पिशवी घेऊन आली तशी तिनं कपाचा तुकडा तिच्यापुढे धरला.

"माझी माती पळवतेस?"

"मी कशाला पळवू, जाऊबाई?" धाकटीनं पिशवी खाली ठेवली. "तुम्हीच पाठवता. रस्त्यावरून सरळ दिसाव्यात म्हणून सऱ्या उताराला उभ्या काढता, बांधावर गवताची काडी ठेवत नाही. पाऊस आला की पाणी धावत सुटतं, माती घेऊन. माझ्या झुडपांशी येऊन थांबतं. सऱ्या आडव्या काढा."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, माझं नीटनेटकं रान तुझ्या डोळ्यांत खुपतं."

म्हणाली होती खरी.

थोरलीनं सऱ्या मोडल्या आणि आडव्या काढल्या. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे हं! एक थेंबसुद्धा हिच्याकडे जाऊ द्यायचा नाही, म्हणून. बांधावर गवत वाढू दिलं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी विचारलं, नांगराला चक्कर आली होती का? तिनं ऐकून घेतलं. पाऊस आला, पाणी सऱ्यांत थबकलं आणि जिरलं. थोरली भिजत बांधावर उभी राहिली, खाली लोंढा जात नाही हे डोळे भरून बघत.

पाऊस सरून बरेच दिवस झाल्यावर सासरे काठी टेकत आले. वरची मूठ दाबली, गोळा झाला. थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. मग खालची दाबली. तिथंही गोळा! तिचा चेहरा पडला. सासरे म्हणाले, वर थांबलेलं पाणी मातीतून सावकाश खालीच झिरपतं, दोघींना पुरतं; आता एकीला काढायचं काही कारण उरलं नाही. मग त्यांनी विचारलं, आडव्या सऱ्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या?

थोरली तोंड उघडणार तोच धाकटी म्हणाली, "जाऊबाईंच्याच."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माती हिच्याकडे गेली, पाणी गेलं, कपसुद्धा गेला. आता मनाचा मोठेपणाही हिनंच मिरवायचा?

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "तिनंच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

धाकटी बघतच राहिली. सासरेही. हिच्या उपकाराखाली राहायचं नाही, एवढंच थोरलीच्या मनात होतं. पण बोलून टाकल्यावर तिला फार हलकं वाटलं. तशीच ती वळली आणि तिला धाकटीच्या झाडावरचं पहिलं लाल फूल दिसलं. तिच्या स्वतःच्या झाडांना अजून एकही नव्हतं. पोटात पुन्हा दुखायला लागलं.